सकाळी रेडिओने जाग यायला हवी असेल तर

आधी स्टेशन ठरवू नका, वेळ ठरवा. ५:५० ची कर्जत लोकल पकडणाऱ्याला सातचा गाजलेला आरजे काय कामाचा? उठायच्या वेळी सलग पाच दिवस रोज एकच स्टेशन पंधरा मिनिटं ऐका. मुंबईत एफएमवर ९१.१, ९३.५, ९८.३, आकाशवाणीचं १००.७ किंवा १०७.१. बोलणं किती, जाहिराती किती, घड्याळ लावून मोजा. नुसती गाणी लागली की डोळा पुन्हा लागतो. बोलता आवाज बरा. मराठी हवं तर अस्मिता वाहिनी, मीडियम वेव्ह ५५८ किलोहर्ट्‌झ.

खरखर? आरसीसी भिंती सिग्नल अडवतात. रेडिओ खिडकीशी ठेवा, एफएमची काडी साधारण ७५ सेंटिमीटर उघडा. मीडियम वेव्हला काडीचा उपयोग नाही. अँटेना आत असतो, म्हणून अख्खा रेडिओच हळूहळू फिरवा. मोबाइल चार्जर आणि एलईडी दिवा हातभर लांब.

रेडिओ-घड्याळात बॅकअपची बॅटरी घालाच, नाहीतर रात्री वीज गेली की सकाळी १२:०० लुकलुकत असतं. आणि आवाज रात्री नव्हे, पहाटेच्या शांततेत जुळवा. शेजारी भिंतीपलीकडेच झोपलेत.