आठवणी सांगा, पण आधी पंखा बंद करा

आमच्या ठाण्याच्या नौपाड्यात जिकडे बघावं तिकडे रिडेव्हलपमेंट चालू आहे. घर खाली करायची वेळ आली की माळ्यावरचं सामान निघतं, पितळेची भांडी मोडीत जातात आणि फोटोंचे अल्बम "नंतर बघू" म्हणून कुठल्या तरी खोक्यात पडतात. म्हणून माझ्या वयाच्या मंडळींना सांगते, आत्मचरित्र राहू द्या, आधी फोटोंच्या मागे नावं लिहा. मऊ शिसपेन्सिलीने, हात हलका ठेवून. बॉलपेनचा वळ पुढून दिसतो. नुसतं "काकू" लिहू नका. कोणाची काकू, माहेर कुठलं, फोटो कोणाच्या लग्नातला, एवढं हवंच.

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते, ट्रंक कॉल, म्हणजे बाहेरगावचे फोन, जोडून द्यायचे. तीन मिनिटं झाली की "तीन मिनिटं झाली, वाढवायचंय का?" असं विचारावं लागे. माणसं सगळा वेळ "कसे आहात, बरे आहात ना" यात घालवायची आणि खरं कारण त्या प्रश्नानंतर घाईघाईत सांगायची. आठवणींचंही तसंच असतं. त्यामुळे आठवणी मोबाइलवर रेकॉर्ड करायला बसलात की एका बैठकीला दहा-पंधरा मिनिटं पुष्कळ झाली. वेळ संपत आली की सांगून टाका, मग बघा गाडी कशी रुळावर येते.

विषयही एकच घ्या. "बालपण" हा विषय नव्हे. "आमच्या घरी पाणी कुठून यायचं" हा विषय. पहिला पगार हातात कसा पडला आणि कुठे गेला, बाळंतपणाला कोण आलं होतं, रॉकेलच्या रांगेत कोणाला उभं करायचे, असं काहीतरी धरा. नातवंडांनीही असेच प्रश्न विचारावेत. "आजोबा, तुमचं आयुष्य कसं होतं?" याला "चाललं आपलं" याखेरीज उत्तर मिळत नाही.

माझे दीर कोपरखैरण्याला राहतात. मशीद बंदरला माथाडी कामगार होते. "वहिनी, आम्ही काय सांगणार? जन्मभर गोण्या उचलल्या." मी म्हटलं, "भाऊजी, उचलायची कशी ते तर सांगा." झालं! सोफ्यावरून उठले, खांद्यावरचा टॉवेल घडी करून मानेखाली पाठीवर टाकला, गुडघे जरा वाकवले आणि मान डावीकडे वळवून उभे राहिले. शंभर किलोची साखरेची गोणी दोघं जण वरून पाठीवर सोडायचे. त्या क्षणी श्वास कुठे धरायचा आणि ट्रकला लावलेल्या फळीवरून पाय कसा टाकायचा, सगळं करून दाखवलं. त्यांचा मुलगा पन्नाशीचा आहे. त्याने हे कधी पाहिलं नव्हतं. मग 1969 चा माथाडी कायदा, माथाडींचे नेते अण्णासाहेब पाटील, पगार माथाडी बोर्डात जमा व्हायला लागला ते दिवस, हे सगळं न विचारता आलं. जे हातांनी केलंय ते करून दाखवायला सांगा आणि तेवढ्यापुरता व्हिडिओ घ्या. एरवी नुसता आवाज पुरतो; कॅमेरा समोर दिसला की आपली पिढी लग्नाच्या फोटोला बसल्यासारखी ताठ होते.

साल आठवत नाही म्हणून अडू नका. सगळ्यांना ठाऊक असलेल्या खुणा धरा. पानशेत धरण फुटलं 1961, कोयनेचा भूकंप डिसेंबर 1967, दुष्काळ 1972, रेल्वेचा संप मे 1974, गिरणी संप 1982. ठाणेकरांना गडकरी रंगायतन 1978, नवी मुंबईकरांना वाशीपर्यंत लोकल आली ते 1992. "धाकटीचा जन्म संपाच्या आधी की नंतर?" एवढ्यावर काम भागतं. शाळेच्या दाखल्यावर 1 जून ही जन्मतारीख दिसली तर तीवर फार विसंबू नका; शाळेत नाव घालताना गुरुजींनी आपल्या सोयीने तीच तारीख टाकलेली घरोघरी सापडेल. पत्रिका असेल तर शके बघा. त्यात 78 मिळवले की इसवी सन येतं. जन्म जानेवारी ते गुढीपाडवा या काळातला असेल तर 79.

आता यंत्राचं. मोबाइलमधला रेकॉर्डर चालतो. पंखा बंद, टीव्ही बंद, कुकर उतरवलेला. मोबाइल तोंडापासून वीत-दीड वीत अंतरावर, टेबलावर घडी केलेल्या टॉवेलवर ठेवा, म्हणजे बांगड्यांचा आणि कपबशांचा दणका त्यात जात नाही. विमान मोडवर टाका, नाहीतर ऐन रंगात कर्जवाल्या बाईचा फोन येतो. सुरुवातीला तारीख, आपलं नाव आणि विषय बोला. बोलून टाइप करायची सोय मराठीतही आहे, पण गावांची आणि आडनावांची ती पार वाट लावते, तेवढी हाताने दुरुस्त करा.

घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकून मोकळं होऊ नका. गुड मॉर्निंगच्या फुलांखाली चार दिवसांत सगळं गाडलं जातं. फोटो पाठवायचे तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ते बारीक होऊन पोचतात. मूळ फाइल पेनड्राइव्हवर एक आणि दुसऱ्या घरी एक. फाइलला नाव द्या: "आई, पाणी, 1958 च्या सुमारास".

भावंडांचं एकमत होणार नाही, हे धरूनच चाला. माझी बहीण ठासून सांगते की बैल अण्णांनी विकला, मी सांगते की तो आजारी पडून गेला. दोन्ही रेकॉर्डिंग ठेवली आहेत, कोणाचंही पुसलेलं नाही. जमिनीच्या वाटणीची भांडणं मात्र मी वेगळ्या वहीत लिहिली आहेत आणि ती वही सध्या कोणाला द्यायची नाही असं सुनेला सांगून ठेवलंय. तिने कारण विचारलं नाही, पण वही कुठे आहे ते विचारून घेतलं.