पैसे देणारा नेमका कोण: डोनर, स्पॉन्सर की पेट्रन?

शिष्यवृत्तीचा अर्ज, आभारपत्र, व्हिसाची कागदपत्रे इंग्रजीत लिहिताना पैसे देणाऱ्याला काय म्हणावे इथे हमखास गाडी अडते. शब्दकोशात देणगीदार, प्रायोजक, आश्रयदाता एकाच पंगतीला बसलेले दिसतात, म्हणून कुठलाही उचलावा असे वाटते. तसे करू नका. आधी एवढेच पाहा: त्याने बदल्यात काही मागितले आहे का, किंवा कशाची हमी घेतली आहे का?

काहीच मागितले नसेल तर तो 'डोनर'. रक्कम लहान असो वा मोठी, पैसा असो, रक्त असो वा अवयव, शब्द हाच. स्पेलिंगचा शेवट 'ओ-आर'. 'ई-आर' लिहिलेत तर तो 'डोनर' नावाचा कबाब होतो! संस्थेला देणारा 'डोनर टू', वस्तू सांगायची असेल तर 'डोनर ऑफ'.

'स्पॉन्सर'चे मूळ 'वचन देणे' या अर्थाच्या लॅटिन क्रियापदात आहे आणि तो अर्थ अजून जिवंत आहे. जर्सीवर नाव झळकवणारी कंपनी स्पॉन्सर, तसाच शिक्षणाचा खर्च उचलण्याची लेखी जबाबदारी घेणारा नातेवाईकही स्पॉन्सर. अमेरिकेच्या कौटुंबिक स्थलांतरातला 'आय-८६४' फॉर्म, म्हणजे येणाऱ्याच्या उदरनिर्वाहाची हमी, भरणारा स्पॉन्सर कायद्याने बांधला जातो. तिथे डोनर हा शब्द निरर्थक ठरेल.

ब्रिटनच्या स्टुडंट व्हिसात मात्र हा शब्द पुरता गोंधळ घालतो. तिथे 'स्टुडंट स्पॉन्सर' म्हणजे प्रवेश देणारी परवानाधारक शिक्षणसंस्था. 'ऑफिशियल फायनान्शियल स्पॉन्सर' म्हणजे सरकार, विद्यापीठ, आंतरराष्ट्रीय संस्था यांसारखे देणारे. त्यांपैकी सरकारने किंवा आंतरराष्ट्रीय शिष्यवृत्ती संस्थेने गेल्या १२ महिन्यांत फी आणि राहण्याचा खर्च असे दोन्ही उचलले असतील, तर अर्जासोबत त्याची लेखी संमती लागते. आईवडील या दोन्हींत बसत नाहीत, त्यांचा पैसा वेगळ्या कागदपत्रांनी दाखवायचा असतो. 'बाबा स्पॉन्सर करतात' म्हणून 'ऑफिशियल फायनान्शियल स्पॉन्सर'च्या रकान्यावर खूण केली, की नको ती कागदपत्रे मागितली जातात.

'पेट्रन'मध्ये लॅटिनमधला बाप दडला आहे. कलावंताला किंवा संस्थेला दीर्घकाळ पाठबळ देणारा, प्रसंगी पैशापेक्षा नावाचे वजन देणारा. पण ग्रंथालयाचा पेट्रन म्हणजे बहुधा तिथे येणारा साधा वाचक, आणि हॉटेलचा पेट्रन म्हणजे गिऱ्हाईक. सगळ्यात घातक आहे त्याचे क्रियापद. आभारपत्रात 'यू पेट्रनाइज्ड मी' लिहिलेत, तर वाचणाऱ्याला 'तुम्ही मला तुच्छतेने वागवलेत' असेच ऐकू येईल. इंग्रज कोशकार सॅम्युअल जॉन्सनने १७५५ च्या शब्दकोशात पेट्रनची व्याख्या करताना, उर्मटपणे आधार देऊन मोबदल्यात खुशामत घेणारा माणूस, असा टोला हाणला होता. तो कडवटपणा या क्रियापदात आजही ऐकू येतो. 'यू सपोर्टेड मी' लिहा आणि मोकळे व्हा.

'बेनिफॅक्टर' देणारा, 'बेनिफिशियरी' घेणारा. दोघांच्याही सुरुवातीला 'चांगले' या अर्थाचे 'बेने' आहे, म्हणून अदलाबदल होते. बँकेच्या फॉर्मवर बेनिफिशियरी म्हणजे ज्याच्या खात्यात पैसे पडणार तो. तिथे स्वतःचे नाव घालून पाठवणारे कमी नाहीत.

'फिलांथ्रॉपिस्ट', म्हणजे परोपकारी दानशूर, हे माणसाचे वर्णन आहे, तुमच्याशी असलेले नाते नव्हे. 'माय फिलांथ्रॉपिस्ट' कानाला खटकते, 'माय बेनिफॅक्टर' खटकत नाही. उच्चारताना जोर दुसऱ्या अक्षरावर, 'लॅन'वर.

'गॅरंटर' आज एक पैसाही देत नाही. कर्जदाराने हप्ते बुडवले तरच त्याच्यावर पाळी येते. 'इन्व्हेस्टर'ला नफ्यात वाटा हवा असतो. 'बॅकर' हा सैल शब्द आहे, नाटकापासून धंद्यापर्यंत कुठेही चालतो, पण करारात नको. करारात ज्याची जबाबदारी जशी, तसाच शब्द, आणि तो पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकच. सुंदर दिसावे म्हणून दर परिच्छेदाला शब्द बदललात, तर वाचणारा वकील तीन वेगळी माणसे शोधत बसेल.