पेल्यात पटिंग: मुख्याध्यापकाची रीत

गोल्फ शिकायला आधी क्लबचं सभासदत्व नको, एक जुना पटर पुरे; पटर म्हणजे पटिंगची, चेंडू जमिनीवरून हळूच भोकात ढकलायची काठी. दादरच्या शाळेत मी मुख्याध्यापक होतो, खो-खोचा प्रशिक्षकही. शाळा सुटली की पॅसेजमध्ये सतरंजी अंथरायचो. टोकाला स्टीलचा पेला आडवा ठेवा, तोंड तुमच्याकडे. गोल्फचं खरं भोक १०८ मिलिमीटर रुंद, पेल्याचं तोंड त्याहून लहान. पेल्याची सवय झाली की मैदानावरचं भोक विहिरीएवढं वाटतं. डोळे बरोबर चेंडूच्या वर. मनगटं गच्च; झुलवायचे ते खांदे, लंबकासारखे. चेंडू गेला तरी मान वर करायची नाही, टण्ण आवाज कानांनीच ऐकायचा. (आमचे शिपाईमामा एकदा घंटा समजून धावत आले!) सुरुवात तीन फुटांवरून. सलग दहा पडले की एक पाऊल मागे.