टोरिक लेन्स बसवताय? ती फिरू नये आणि फिरलीच तर वेळेत कळावं म्हणून काय करायचं

मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये टोरिक लेन्स (चष्म्यातला सिलिंडर नंबरही घालवणारी लेन्स) टाकायची ठरली की सगळे पॅकेज किती ते विचारतात, लेन्स आत फिरली तर काय करता हे कोणी विचारत नाही. साधी लेन्स गोल फिरली तरी बिघडत नाही, पण टोरिकमध्ये सिलिंडर नंबर ठराविक अॅक्सिसवर, म्हणजे ठराविक कोनात, असतो, त्यामुळे १ डिग्री फिरली की करेक्शन साधारण ३.३ टक्के कमी. म्हणजे १० डिग्रीला एक तृतीयांश गेलं, ३० ला सगळंच, आणि त्यापुढे उलट नंबर वाढतो.

लेन्ससाठी डोळ्याचं माप घ्यायच्या आधी कॉन्टॅक्ट लेन्स बंद करा, सॉफ्ट असतील तर आठवडा-दोन आठवडे, सेमी-सॉफ्ट असतील तर अजून जास्त, डॉक्टरांना विचारून. डोळे कोरडे पडत असतील तर तेही आधी सांगा, मापच चुकलं तर लेन्स जागेवर असूनही नंबर राहतो आणि बोल लेन्सला लागतो. तरुणपणी मोठा मायनस नंबर होता का हे तर सांगाच, जुना चष्मा घेऊन गेलात तरी चालेल. तसे डोळे लांबीला मोठे, लेन्स जिच्यात बसते ती डोळ्यातली पिशवीही बहुतेक वेळा मोठी, त्यात लेन्स फिरायचा चान्स जास्त, मग काही डॉक्टर पिशवीत आधाराला रिंग टाकतात. अॅक्सिसची खूण पेनने करणार असतील तर ती बसवून करतात ना हेही विचारा, कारण आडवं झालं की डोळा जरा फिरतो.

लेन्स फिरायची असेल तर बहुतेक पहिल्या काही तासांतच फिरते, फार तर पहिल्या दिवसात. ऑपरेशनवेळी डोळ्यात भरलेली जेल लेन्सच्या मागून नीट काढणं हे सर्जनचं काम, तुमचं काम एवढंच की डोळा चोळायचा नाही, रात्री शील्ड लावायची, जड उचलायचं नाही. घरचे मान हलवू नको म्हणून मागे लागतात, तेवढं काही मनावर घेऊ नका.

खरी गोष्ट फॉलोअपची. लेन्सवरचे अॅक्सिस दाखवणारे ठिपके कडेला असतात, बाहुली मोठी केल्याशिवाय नीट दिसत नाहीत, म्हणून ड्रॉप्स टाकूनच बघायला सांगा आणि ठरलेला अॅक्सिस किती, आत्ता किती, हे दोन्ही आकडे फाइलवर लिहून घ्या. लेन्सचं स्टिकर असलेलं कार्डही जपून ठेवा. सुरुवातीला धूसर दिसलं म्हणजे लेन्स फिरलीच असं नाही, सूज किंवा कोरडेपणाही असतो, पण दुखायला लागलं, लाली वाढली किंवा अचानक कमी दिसायला लागलं तर त्याच दिवशी गाठा.

फिरली असेल आणि त्रास होत असेल तर परत जागेवर आणायला साधारण १ ते ३ आठवड्यांचा काळ बरा. फार लवकर केलं तर पिशवी अजून सैल असल्याने पुन्हा फिरू शकते, फार उशीर केला तर पिशवी लेन्सला चिकटते. राहिलेला नंबर किरकोळ असेल तर, माझं मत विचाराल तर, गुपचूप चष्मा लावा. आणि पुढे कधी लेन्सच्या मागे पिशवीवर पडदा आला म्हणून याग लेझर (पिशवीला मागून भोक पाडणारं लेझर) करायची वेळ आली तर फिरवाफिरवीचा निर्णय त्याच्या आधी घ्या, पिशवीला भोक पडल्यावर लेन्स हलवणं फार जोखमीचं.