कॉन्फिडन्स इंटरव्हल: आकडेमोड बरोबर, तरी उत्तर चूक. या चुका टाळा

कॉन्फिडन्स इंटरव्हल म्हणजे नमुन्यावरून सगळ्या गटाच्या सरासरीसाठी किंवा टक्केवारीसाठी काढलेली ‘इथून इथपर्यंत’ अशी कक्षा. त्याचं सूत्र पाठ व्हायला फार वेळ लागत नाही. मार्क जातात ते सूत्राच्या आधी आणि नंतर: नमुना कसा घेतला इथे, आणि आलेल्या उत्तराचा अर्थ लिहिताना. मधली आकडेमोड कॅल्क्युलेटर करतोच.

एकच उदाहरण धरू. एका ज्युनिअर कॉलेजच्या यादीतून चिठ्ठ्या टाकून ३६ मुलं निवडली आणि घरून यायला किती मिनिटं लागतात ते विचारलं. समजा सरासरी २७ मिनिटं आली आणि प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून साधारण किती पसरलेत याचं माप) १२. मग प्रमाण त्रुटी (नमुना बदलला की सरासरी साधारण किती हलेल ते) १२ ÷ √३६, म्हणजे २. ९५ टक्क्यांसाठी टी-तक्त्यात ३५ डिग्रीज ऑफ फ्रीडमसमोर (नमुनासंख्या वजा एक) २.०३ सापडतात. त्याने प्रमाण त्रुटीला गुणा: २७ ± ४.०६, म्हणजे साधारण २३ ते ३१ मिनिटं.

“९५ टक्के मुलांना २३ ते ३१ मिनिटं लागतात”

उत्तरपत्रिकांत सगळ्यात जास्त दिसणारं वाक्य हेच, आणि ते साफ चूक आहे. हा इंटरव्हल कॉलेजच्या *सरासरीचा* आहे, एकेका मुलाचा नाही. प्रमाण विचलन १२ असताना आणि आकडे घंटाकृती पसरलेले असतील तर २३ ते ३१ मध्ये जेमतेम चौथा हिस्सा मुलं बसतील. बाकीच्यांत कोणी दहा मिनिटांत येणारे, कोणी दोन बस बदलून येणारे. वाक्यात ‘सरासरी’ हा शब्द आला की नाही, एवढं तपासलंत तरी ही चूक टळते.

“खरी सरासरी या इंटरव्हलमध्ये असण्याची शक्यता ९५ टक्के”

ही चूक जास्त फसवी, कारण ऐकायला बरोबर वाटते. संख्याशास्त्रज्ञ जर्झी नेमन यांनी १९३७ साली ही कल्पना सविस्तर मांडली, तेव्हा ९५ टक्के हा गुण त्यांनी पद्धतीला दिला होता, हाती आलेल्या एका इंटरव्हलला नाही.

वर्गात करून बघा. ६० मुलांनी प्रत्येकी १०० वेळा नाणं उडवायचं, छाप किती आले ते मोजायचं आणि आपापला ९५ टक्क्यांचा इंटरव्हल काढायचा. इथे खरं उत्तर आधीच ठाऊक आहे: ५० टक्के. एखादीला ६२ छाप आले, तर तिचा इंटरव्हल साधारण ५२.५ ते ७१.५ टक्के. त्यात ५० नाही. आता “५० या इंटरव्हलमध्ये असण्याची शक्यता ९५ टक्के” असं तिने लिहावं का? ५० त्यात नाही, हे तर समोर दिसतंय! तिने आकडेमोड चुकवलेली नाही, तिचा नमुनाच तसा निघाला. ६० जणांत असे तीन-चार निघणं अपेक्षित आहे. कधी एकच, कधी सहाही. “दर २० मध्ये नेमका एक चुकतो” असंही नाही: २० इंटरव्हल काढले तर सगळेच्या सगळे बरोबर येण्याची शक्यता ३६ टक्क्यांच्या आसपास असते.

प्रत्यक्ष सर्व्हेत खरं उत्तर झाकलेलं असतं, म्हणून आपला इंटरव्हल कोणत्या गटातला ते कळत नाही, इतकाच फरक. परीक्षेत असं लिहा: “याच पद्धतीने पुन्हा पुन्हा नमुने घेतले तर मिळणाऱ्या इंटरव्हलपैकी सुमारे ९५ टक्के इंटरव्हलमध्ये कॉलेजची खरी सरासरी सापडेल.” लांबलचक आहे, पण पर्याय नाही.

उत्तर विचित्र आलं? चूक कुठे ते उत्तरच सांगतं

आपल्या उदाहरणात २.६ ते ५१.४ असं काही आलं, तर √३६ ने भागायचं राहिलं. प्रमाण विचलन तसंच वापरलं गेलं. उलट २६.३ ते २७.७ इतका चिंचोळा इंटरव्हल आला, तर √३६ ऐवजी ३६ नेच भागलंत. ३६ मुलांच्या नमुन्यावरून सरासरी पाऊण मिनिटाच्या आत पकडता येईल, असं मानणंच धाडसाचं.

टक्केवारीचा इंटरव्हल शून्याखाली गेला, तर नमुना त्या सूत्रासाठी लहान आहे. २० पैकी एकच मूल सायकलने येत असेल, तर सूत्र उणे ४.६ टक्क्यांपासून सुरू होतं. ‘हो’ आणि ‘नाही’ दोन्हीकडे किमान १० जण हवेत, हा नियम याचसाठी. ३० पैकी एकही नसेल तर सूत्र ‘शून्य ± शून्य’ म्हणतं, जे हास्यास्पद आहे. तिथे ३ ला नमुनासंख्येने भागा: खरं प्रमाण १० टक्क्यांपर्यंत असू शकतं.

नमुना लहान असेल तर सरासरीच्या इंटरव्हलमध्ये टी-तक्त्याऐवजी सवयीने १.९६ (मोठ्या नमुन्यांसाठी ९५ टक्क्यांचा आकडा) टाकू नका. १० जणांसाठी २.२६ लागतो, पाच जणांसाठी २.७८.

सगळ्यात महागडी चूक

“मित्रांना विचारलं, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फॉर्म टाकला, ३६ उत्तरं आली.” पुढचं गणित कितीही नीट करा, इंटरव्हल निरुपयोगी. प्रमाण त्रुटी फक्त चिठ्ठीच्या नशिबाचा हिशेब ठेवते. निवड किंवा मोजणीच एका बाजूला झुकली असेल तर तिला त्याचा पत्ताही नसतो.

याचं आपल्या मातीतलं उदाहरण पीककापणीचं आहे. शेतात एक तुकडा आखायचा, तेवढंच पीक कापून वजन करायचं आणि त्यावरून हेक्टरी उत्पादन काढायचं. तुकडा केवढा घ्यायचा? छोटा घेतला तर काम झटपट होतं आणि जास्त शेतं गाठता येतात. पण सातारा जिल्ह्यातल्या बुधचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात दाखवलं, की छोट्या तुकड्यांवरून उत्पादन फुगून येतं. दोरीवर आलेलं रोप आत धरायचं की बाहेर? कापणारा ते आत ओढतो. एक मीटर बाय एक मीटरच्या तुकड्याला दर चौरस मीटरमागे चार मीटर कड असते. दहा बाय पाचच्या तुकड्याला फक्त ०.६ मीटर. कड जितकी जास्त, तितकी फूग जास्त.

असे हजार छोटे तुकडे कापले तर इंटरव्हल सुरेख अरुंद होतो आणि चुकीच्या आकड्याभोवती घट्ट बसतो. अमेरिकेत १९३६ सालच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने वीस लाखांहून जास्त मतपत्रिका गोळा करून लँडन जिंकणार असं छापलं होतं. निवडून आले रूझवेल्ट. माझं मत विचाराल तर प्रोजेक्टमध्ये ‘नमुना कसा घेतला’ या परिच्छेदाला आकडेमोडीपेक्षा जास्त मार्क असायला हवेत.

दोन इंटरव्हल एकमेकांवर आले म्हणजे फरक नाही?

तसं नसतं. एका तुकडीची सरासरी २७, दुसरीची ३३, दोन्हींची प्रमाण त्रुटी २. इंटरव्हल साधारण २३ ते ३१ आणि २९ ते ३७, म्हणजे एकमेकांवर येतात. पण फरकाचा इंटरव्हल स्वतंत्र काढा: त्याची प्रमाण त्रुटी √(४ + ४), म्हणजे २.८३, फरक ६ ± ५.५. त्यात शून्य नाही, म्हणजे ५ टक्के पातळीवर फरक दिसतोय. आणि शून्य आत आलं असतं, तरी “दोन्ही तुकड्या सारख्याच” असं सिद्ध झालं नसतं. एवढ्या नमुन्यावरून सांगता येत नाही, इतकंच.

एक्सेल वापरणाऱ्यांसाठी

‘कॉन्फिडन्स डॉट टी’ या फंक्शनमध्ये पहिल्या जागी ०.०५ द्यायचे असतात, ०.९५ नाही. ०.९५ दिलेत तर आपल्या उदाहरणात ± ४.०६ ऐवजी ± ०.१३ येईल. दुसऱ्या जागी प्रमाण विचलन द्या, प्रमाण त्रुटी नको. नमुनासंख्येच्या वर्गमुळाने ते फंक्शन स्वतःच भागतं. प्रमाण विचलन काढताना नावाच्या शेवटी ‘एस’ असलेलं फंक्शन घ्या, ‘पी’ असलेलं नाही. ३६ जणांत या दोघांतला फरक जाणवणार नाही. पाच जणांत ‘पी’चं उत्तर दहा टक्क्यांहून थोडं जास्तच कमी येतं.