अली की टायसन? आधी साल ठरवा

मुष्टियुद्धात मोहम्मद अली आणि माइक टायसन समोरासमोर आले असते, तर कोण जिंकलं असतं? मालवणच्या धक्क्यावर जाळी शिवताना हा वाद हटकून निघतो. सुई गाठीत तशीच राहते. नुसतं 'अली' म्हणू नका. १९६६चा नाचरा अली वेगळा, १९७४ला दोरांवर रेलून फोरमनला दमवणारा वेगळा. टायसन मी १९८८चाच धरतो, स्पिंक्सला ९१ सेकंदांत झोपवणारा.

मग हातांचा पल्ला बघा : अली ७८ इंच, टायसन ७१. म्हणजे टायसनला आत घुसावंच लागणार. घुसणाऱ्या फ्रेझरने १९७१ला पंधराव्या फेरीत डाव्या हुकने, म्हणजे बाजूने वळवून मारलेल्या ठोशाने, अलीला पाडलं होतं, हे विसरू नका. पण टायसनही १९९०ला डग्लसच्या लांब जॅबपुढे, म्हणजे सरळ ठोशापुढे, दहाव्या फेरीत संपला.

फेऱ्या बारा की पंधरा, तेही आधीच बोला. काका म्हणतात, तिसरीत टायसन. त्यांना भरतीची वेळसुद्धा सापडत नाही! माझ्या मते चार फेऱ्या तगला, तर अलीच, दहावीत.