गुडघा आधी हाताने बघा, मग फेरी मारा: गुडघेदुखीतल्या या चुका टाळा

"वंगण संपलंय हो गुडघ्यातलं." ठाण्यात तलावपाळीच्या कट्ट्यावर सकाळी पाच मिनिटं बसा, हे ऐकू येतंच. मीही दोन वर्षं तेच धरून बसले होते. पण झिजलेल्या गुडघ्यात पुष्कळदा पाणी उलट वाढलेलं असतं. सांध्याच्या आतलं अस्तर सुजतं, जास्त आणि पातळ द्रव सोडतं, आणि त्या दाहातून सुटणारी द्रव्यं कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी, कुरतडणारी विकरं (एन्झाइम) वाढवतात. कूर्चाला ना रक्तवाहिन्या, ना मज्जातंतू. ती झिजते तेव्हा गप्प असते. ओरडतं ते अस्तर आणि खालचं हाड.

माझी चूक दहा हजार पावलांची. मोबाइलवर आकडा पुरा व्हावा म्हणून सुजलेल्या गुडघ्याने त्याच तलावाला, मासुंद्याला, फेऱ्या, आणि संध्याकाळी स्टेशनच्या जिन्यावर कठडा धरून एकेक पायरी. फिजिओथेरपीवाल्या बाईंनी हाताची उलटी बाजू आधी एका गुडघ्यावर ठेवली, मग दुसऱ्यावर. "हा गरम लागतोय. आणि वाटीशेजारचा खळगा बघा, भरून आलाय." आता चपला घालण्याआधी मी एवढंच बघते. गरम असेल तर त्या दिवशी तलाव नाही. टॉवेलात गुंडाळलेला बर्फ पंधरा मिनिटं, मग पाय सरळ ठेवून मांडी आवळायची, पाच आकडे मोजून सोडायची.

सूज उतरल्यावरही बसून राहणं ही त्याहून मोठी चूक. कूर्चाला पोषण मिळतं ते दाबलं-सोडलं जाण्यातून, स्पंजासारखं. चालणं थांबलं की तेही आटतं आणि मांडी बारीक होते.

वजनाचं सगळे सांगतात, म्हणून थोडक्यात: 1 किलो उतरलं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण 4 किलोंनी घटतो. चरबी नुसतं ओझंही नव्हे, ती दाह वाढवणारी द्रव्यं सोडते. स्थूल माणसांच्या हाताच्या बोटांचे सांधेही जास्त झिजतात. बोटांवर कोण चालतं?

मेडिकलमधून आणलेली वेदनाशामक गोळी रोज घेऊ नका, बीपी किंवा किडनीचा त्रास असेल तर मुळीच नाही. लावायच्या जेलबद्दल डॉक्टरांना विचारा. स्टेरॉइडचं इंजेक्शनही 'दर तीन महिन्यांनी' असं लावून घेऊ नये. 2017 च्या एका अमेरिकी चाचणीत दोन वर्षं असं केल्यावर कूर्चा जास्त झिजली, आणि दुखणं सलाइनच्या इंजेक्शनपेक्षा कमी झालं नाही.

सकाळी सांधे अर्ध्या तासाहून जास्त आखडलेले राहत असतील, तर तो आमवातही असू शकतो. रक्त तपासून घ्या. आणि गुडघा एकाएकी लाल होऊन ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.